विहिणीनं मागितलेली पिस्की

विला कोल्यो,
मीठपठाराच्या काठावरून, कापणीच्या तोंडावर

ती. एउलोखियाताईस,

टोपी काढून, मान लववून धाकट्या साबिनाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? शिलाईच्या कारखान्यात अजून त्याच खिडकीजवळच्या मशीनवर बसतेस ना? आणि ती शेजारची पाराग्वायची बाई अजून गाते का, की तिला कुणीतरी एकदाचं सांगितलं? भावोजींचा खोकला त्या ब्यूनस आयर्सच्या दमट हवेत बरा होणार नाही, हे मी पूर्वीच सांगितलं होतं. तरी तो बरा झाला असेल तर मला आनंदच आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे लामा ठीक आहेत, मेंढ्या ठीक आहेत, तुनुपा डोंगर जागच्या जागी आहे. माणसांबद्दल मी अजून काही बोललेले नाही. त्याला पुढचं सगळं पत्र लागणार आहे.

तू म्हणशील, साबिनानं फोनवर का नाही कळवलं. ताई, फोनसाठी आधी टेकडी चढायची, वर वाऱ्यात पदर सांभाळत बोलायचं, आणि मी मनापासून रेकॉर्ड करून पाठवलेला तो आवाज तू तिथं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचा! (मला कसं कळलं विचारू नकोस. तुझ्या कारखान्यातल्या एकीची चुलतबहीण इथं दुकान चालवते. मागच्या खेपेला मी माझ्या पोटाबद्दल तुला जे सांगितलं, ते तिनं मलाच परत सांगितलं आणि वर काढाही सुचवला.) म्हणून हे पत्र. ते तरी तू एकटीच वाचशील अशी आशा आहे.

तर विषय नायेली. आमच्या लिंबेर्तनं आणलेली मुलगी. ओरुरोला आहारशास्त्र शिकली, इथल्या दवाखान्यात नोकरीला आहे आणि गेल्या कार्निव्हलला आमच्या घरी राहायला आली. आपल्यात लग्नाआधी मुलगी मुलाच्या घरी येऊन राहते ती कशासाठी? सासूनं पारखावी म्हणून. मला माझ्या सासूनं कसं पारखलं ते तू पाहिलंस. पहिल्याच पहाटे मेंढ्या, जातं, लोकर, सगळं माझ्या हाती दिलं आणि बाई उन्हाला पाठ करून बसली ती मरेपर्यंत. मी निमूट राबले. म्हटलं, आपलीही पाळी येईल, आपणही उन्हाला पाठ करून बसू. आली पाळी! आणि काय झालं? ती मुलगी मलाच पारखते आहे! आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या फळीवरचे डबे उघडून पाहिले. (विचारून हं. “आई, बघू का?” असं गोड विचारून. विचारून केलेला अपमान जास्त झोंबतो, कारण त्याला आपण ‘हो’ म्हटलेलं असतं.) डबे पाहून झाल्यावर म्हणते, “आई, घरात किनोआची एवढी पोती, आणि जेवायला रोज शेवया?”

किनोआ विकायचा असतो, शेवया खायच्या असतात. तुला आठवतं ना, शाळेत गुरुजी म्हणायचे, भात खा, माणसात या. बाजाराच्या गावी उतरलो की दुकानदारांची पोरं “किनोआखाऊ आले, किनोआखाऊ आले” म्हणून मागे लागायची. मग आपण आलो माणसात. भात खाल्ला. शेवया खाल्ल्या. सूपात शेवया, रश्शात शेवया, पाहुणा आला तर दुप्पट शेवया आणि वर कोंबडी. एवढी मेहनत करून माणसात जरा स्थिरावतो न स्थिरावतो, तोच परदेशातून उंच उंच बायका कॅमेरे घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमचं धान्य म्हणजे अमृत, अंतराळवीर खातात. मला शेतात लाल तुऱ्यांमध्ये उभं केलं आणि हसायला लावलं. हसले मी. घरी आले आणि शेवया टाकल्या. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आणि अंतराळवीरांचीही अजून तक्रार आलेली नाही.

पण नायेलीला वावगं वाटलं. दवाखान्याच्या भिंतीवर तिनं एक भलंमोठं ताट रंगवलंय, वर लिहिलंय ‘घरचं पौष्टिक जेवण’, आणि त्या ताटात शेवयांना एवढीशी जागा दिली आहे, जेवढी आपण जावयाच्या मित्राला देतो. गावातल्या बायकांना जमवून ती शिकवते, आणि सराव कुठं करते? माझ्या चुलीवर. सकाळी किनोआची धिरडी. दुपारी किनोआचे वडे, ते तळायचेही नाहीत, तव्यावर टेकवायचे. संध्याकाळी किनोआची कोशिंबीर. ताई, कोशिंबीर! थंड! बाहेर वारा असा की कुत्रंसुद्धा चुलीत शिरू पाहतं, आणि ही टोमॅटो-काकडीत कालवलेला गारढोण किनोआ पुढे ठेवते. आपल्यात थंड जेवण फक्त मेलेल्यांना मांडतात, तेसुद्धा त्यांना बोलता येत नाही म्हणून.

यात माझ्या बाजूनं कोण? कुणी नाही. सेवेरोच्या रक्तात साखर निघाली. नायेलीनं त्याचं बोट टोचलं आणि निघाली. तिनं टोचण्यापूर्वी नव्हती, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवून कधी नव्हती. तेव्हापासून आमचे हे गृहस्थ तिच्या पक्षात. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अंगरखा वर करून ते भोक दाखवतात. लिंबेर्तचं तर काय, तो तिच्या हातचे खडेही पौष्टिक म्हणून खाईल.

आणि या सगळ्यावर कडी ऐक. ही शिकलेली मुलगी दर दोन दिवसांनी माझ्या मागे लागते, “आई, पिस्की शिकवा ना. किनोआत दूध-चीज घालून ती मऊ मऊ करतात ती. कॉलेजात नाही शिकवली, घरी पण नाही शिकवली कुणी.” मी म्हटलं, पिस्की अशी तोंडी शिकवता येत नाही, हात बसावा लागतो. म्हणाली, मग कधी बसवायचा हात? मी म्हटलं, लग्न झाल्यावर. झालं! तिनं टेकडीवर जाऊन आईबापांना फोन केला की आमच्या सासूबाईंच्या पिस्कीचं गुपित फक्त लग्नाच्या सुनेलाच मिळतं. (बायकांच्या सभेत मी एवढंच म्हणाले होते की आमच्या आईसारखी पिस्की अख्ख्या मीठपठारावर कुणी करत नसे. आईची म्हणाले होते. ऐकणाऱ्यांनी हवं ते ऐकलं, त्याला मी काय करू?)

तर मागल्या रविवारी ते आईबाप आले. डोन्या बासिलिया आणि डॉन पोलिकार्पियो, चायापाताकडचे. मुलगी कशी ठेवली आहे ते पाहायचं, पटलं तर लग्नाचं ठरवायचं, नाही पटलं तर तिचं गाठोडं बांधून तिला घेऊन जायचं, असा रीतीप्रमाणे रोखठोक मामला. बासिलिया म्हणजे काय बाई आहे! ट्रकमधून उतरली ती टोपी वाऱ्याला न जुमानता डोक्यावर तश्शी. कोकाची पानं दिली-घेतली, मेंढीची तंगडी माझ्या हातात ठेवली आणि भिंतीला टेकून अशी बसली की समोर थेट माझ्या स्वयंपाकघराचं दार.

नायेलीनं कापड अंथरलं आणि मांडले सगळे तिचे प्रकार. वडे, धिरडी, आणि मधोमध ती कोशिंबीर. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्यांदा घरी आलेल्या व्याह्यांना किनोआ? आणि तोही गार? उद्या चायापातात म्हणतील, विला कोल्योत भाताला महाग झालेत. पण तुझी बहीण कच्च्या गुरूची चेली नाही. मी पहाटेच कोंबडी कापून शेवयांचा हा एवढा टोप केला होता आणि गरम राहावा म्हणून घोंगड्यात गुंडाळून बिछान्यावर ठेवला होता. (सेवेरो सकाळभर त्याला पाठ लावून शेकत बसला होता आणि त्याला वाटलं मी त्याच्या कंबरेसाठी काही केलंय. केवढा भाबडा माणूस, आणि केवढा दगाबाज.) मी टोप आणला आणि मधोमध, कोशिंबिरीला जरा बाजूला सारून, दणकन ठेवला.

पोलिकार्पियोचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! बिचाऱ्याचा हात निघालासुद्धा. नायेली म्हणाली, “बाबा, तुमचीही साखर वाढलीय.” बासिलियानं नुसतं पाहिलं. हात परत गेला. मग बासिलियानं एकदा वड्यांकडे पाहिलं, एकदा टोपाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “विहीणबाई, हे सगळं माझ्या मुलीनं केलं. त्या शेवया कारखान्यानं केल्या. तुमच्या घरचं काय आहे यात?”

मी म्हटलं, “कोंबडी घरची आहे.”

“कोंबडीनं काय केलं ते विचारत नाही. तुम्ही काय केलं?” मग जरा पुढे वाकून म्हणाली, “तुमच्या पिस्कीबद्दल फार ऐकलंय. एवढी वाढा. जिच्या हातची पिस्की खाल्ली नाही, तिच्या हाती मुलगी कशी सोपवू?”

आता सांग, हा काय प्रश्न झाला? चांगलं घर पाहावं, मेंढ्या पाहाव्यात, मुलाचे दात पाहावेत! मी म्हटलं, पिस्कीला वेळ लागतो. ती म्हणाली, ट्रक संध्याकाळी आहे. मी म्हटलं, दूध कमी आहे. लिंबेर्त (माझ्या पोटचा!) म्हणाला, आहे की, भरपूर आहे, मीच काढलंय. सेवेरो म्हणाला, किती वर्षांत खाल्ली नाही गं साबिना, होऊन जाऊ दे. आणि नायेली पुढे येऊन उभी राहिली, बाह्या वर करून, डोळे एवढे मोठे करून. “आई, मी नुसती बघते. हात नाही लावत.”

मी उठले. अशा प्रसंगी उठावंच लागतं. पोतं सोडलं. पोत्यातला किनोआ म्हणजे सहकारी संस्थेला घालायचा, शेतातून आला तसा, कडू टरफलासकट. तो आधी भाजायचा, मग दगडाच्या खळग्यात पांढरी माती घालून पायांनी तुडवायचा, मग पाखडायचा, मग धुवायचा. एवढं मलाही ठाऊक आहे, मी काही परदेशी उंच बाई नाही. पण आमच्या खळग्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. खळगा तिला देऊन टाकल्याला इतका काळ लोटला आहे की तिला तो वडिलोपार्जित वाटतो. लिंबेर्त तिला उठवायला गेला, तर तिनं त्याचा हात फोडला. बासिलिया भिंतीशी बसून सगळं पाहत होती. म्हणाली, “खळग्याचा बराच वापर दिसतोय.” मी म्हटलं, राहू दे, माझी रीत वेगळी आहे, मी तुडवत नाही, नुसतं धुते. नायेलीनं मान डोलावली. तिला वाटलं हेच ते गुपित.

धुतला. फेस आला. ओतला. पुन्हा पाणी, पुन्हा फेस. किती फेस, ताई! त्या पाण्यात सगळ्या गावाच्या घोंगड्या धुऊन निघाल्या असत्या. विहीण पाहते आहे, ट्रकची वेळ होत आली आहे, विहिरीवरून पाणी आणून लिंबेर्तला धाप लागली आहे. शेवटी मी फेसाकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे तो दिसेनासा झाला, आणि म्हटलं, झाला स्वच्छ. चुलीवर चढवला. जरा वेळानं झाकण आपोआप उचललं गेलं, आतून पांढरा ढग बाहेर आला आणि भांड्याच्या अंगावरून उतरत चुलीत गेला. चूल विझली. कुत्रं धावत आलं, जमिनीवरचं हुंगलं आणि निघून गेलं. या कुत्र्यानं माझी चामड्याची चप्पल खाल्लेली आहे, ताई.

तरी मी वाढलं. दूध घातलं, चीज कुस्करून घातलं, हसून वाढलं. खाताना दाताखाली वाळू कचकचत होती, आणि कडू! आपल्या लहानपणी आजारी मेंढीला देत ना काढा, तसं. पोलिकार्पियो आभाळाकडे पाहत गिळत होता, ढग मोजत असावा. सेवेरो काय म्हणाला असेल? “कडू आहे, म्हणजे साखरेला चांगलं असणार.” (या वाक्याचा हिशेब त्याच्याशी माझा वेगळा चालू आहे.) बासिलियानं मात्र वाडगा टाकला नाही. तळापर्यंत खाल्ला, बोटानं पुसून खाल्ला. आणि नायेलीनं दोन घास खाल्ले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आई, पिस्की अशीच असते का?”

टोमणा नव्हता गं. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परत केला असता, माझ्याकडे साठा आहे. खरंच विचारत होती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर जन्मभर तशीच केली असती आणि लोकांना म्हणाली असती, सासूबाईंची पद्धत. हे काय वागणं झालं? इतका विश्वास ठेवायची रीत कुठल्या कॉलेजात शिकवतात? भांड्याचा सगळा वाफारा माझ्या डोळ्यांत गेला.

मग बासिलियानं वाडगा खाली ठेवला, ओठ पुसले आणि निकाल दिला. “नायेली, गाठोडं बांध. कापणीला घरी हात हवेत. कापणी उरकली की आम्ही परत येऊ. पिस्की खाऊ, आणि मग लग्नाचं बोलू.” मग माझ्याकडे वळून, “खाण्यासारखी असली तर.” पोरीनं गाठोडं बांधलं. जाताना सेवेरोच्या गोळ्या कुठं आहेत ते सांगितलं आणि कोशिंबिरीवर झाकण ठेवलं.

तेव्हापासून आमच्या घराची अवस्था काय सांगू? लिंबेर्त दिवसभर टेकडीवर. फोन लागतो तेव्हा हसतो, लागत नाही तेव्हा मला दिसेल असा उदास बसतो. सेवेरो शेवयांच्या ताटाकडे असं पाहतो, जसं काही मी त्याला विष घालते आहे. दवाखान्यातल्या बायका मला वाटेत गाठून विचारतात, नायेली कधी येणार, आम्हाला धिरड्यांच्या पुढचं शिकायचं आहे. म्हणजे दोष माझा! एका पाहुणीनं माझ्या दारात बसून, माझं स्वयंपाकघर न्याहाळून, माझ्या कोंबडीबद्दल वाटेल ते बोलून, माझी सून उचलून नेली, आणि सगळे विचारतात की मी काय केलं. मी काय केलं? माझा अपमान झाला, हे कुणालाच कसं दिसत नाही? निदान तुला तरी दिसावा म्हणून एवढं लिहिलं. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गाणाऱ्या बाईला माझ्यातर्फे काही सांगू नकोस.

तुझी,
साबिना

ता. क. ती उरलेली कोशिंबीर मी संपवली. अन्न टाकू नये म्हणून, दुसरं काही कारण नाही. वडेही. त्यात ती भाजलेले शेंगदाणे घालते. कशाला घालते कुणास ठाऊक, पण बरे लागतात.

ता. ता. क. ताई, आता जरा लक्ष देऊन वाच. आई चुलीशी असायची तेव्हा तिच्या हाताखाली तू होतीस आणि मी लामांमागे रानात होते. मी घरी यायचे तोवर पिस्की वाडग्यात असायची. म्हणून विचारते. आई किती पाण्यांनी धुवायची? शेवटचं पाणी कसं दिसलं की थांबायची? भाजायची किती, रंग येईपर्यंत की नुसता वास? दूध गरम घालायची की गार, आणि मीठ कधी? ती पांढरी माती कुठल्या ओहोळातून आणायची, डोंगराच्या अलीकडच्या की पलीकडच्या? सगळं लिही, तुला वाटेल हे काय सांगायचं, तेही लिही. कोंबडीला मी खळग्यातून उठवलं आहे. माझाही हात फोडला तिनं. पण कापणी संपायच्या आत तुझं उत्तर माझ्या हाती हवं. बसवाल्या डॉन फेलिपेकडे दे, आणि तो फोडणार नाही असा लखोटा चिकटव.

ता. ता. ता. क. हे लिहायचं नव्हतं, पण आता कागद उरला आहे. ट्रक निघताना बासिलिया पुन्हा खाली उतरली. गाठोडं नीट बांधायचं निमित्त केलं आणि मला शाल धरून ट्रकच्या मागं ओढलं. मला वाटलं आता आणखी काय ऐकवते. तर म्हणाली, “विहीणबाई, माझी आई गेली तेव्हापासून मी पिस्की खाल्ली नव्हती. मला येत नाही. नायेलीला कुठून शिकवणार? तुम्हाला येते ऐकलं म्हणून जीव एवढा अडकला होता.” आणि मग डोळे पुसून, माझ्याकडे रोखून, “खरं सांगा. येत नाही ना?”

मी म्हटलं, येते. काय म्हणणार होते? वर ट्रकमध्ये नायेली बसली होती.

“मग पुढच्या खेपेला मी आदल्या दिवशी येते,” बासिलिया म्हणाली. “आपण दोघी आत, दार लावून. पोरीला बाहेर ठेवू.” तेव्हा ताई, अक्षर चांगलं मोठं काढ. आम्हा दोघींनाही वाफेत चष्म्यातून काही दिसत नाही, आणि वाचून दाखवायला नायेलीला हाक मारणं शक्य नाही.